सडपातळ अंगातली साखर

आपल्या वस्त्यांमध्ये एक समज अजून घट्ट बसलेला आहे. शुगर म्हणजे ढेरी सुटलेल्या, बसून खाणाऱ्या माणसाचा आजार. उन्हात राबणाऱ्या काटकुळ्या माणसाला तो होत नाही. त्यामुळे पन्नास-बावन्न किलो वजनाचा हमाल किंवा मिस्त्री रात्रीतून चार वेळा लघवीला उठतो आणि ‘उष्णता झाली’ म्हणून सबजा भिजवून पितो. पायाला मुंग्या येतात, ठेच लागलेली जखम महिनाभर भरत नाही, नजर धूसर होते. घरातली माणसे म्हणतात, वय झालं. नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात तो पोहोचतो तेव्हा कधी कधी पायाचे बोट काळे पडलेले असते.

हा समज चुकीचा कसा, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका संशोधनाने दाखवले आहे. किल्लारीचा भूकंप झाला त्याच साली, १९९३ मध्ये, पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतात काम करणाऱ्या बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची उंची, वजन, खाणे आणि कष्ट यांची नोंद ठेवली, नंतर त्यांची बाळे मोजली आणि तीच मुले मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. या आया सरासरी पाच फुटांच्या आणि बेचाळीस किलोच्या आसपास होत्या. बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन शहरातल्या बाळांचे वजन त्याच वेळी साडेतीन किलोच्या आसपास होते.

वजन कमी असणार हे अपेक्षित होते. चकित करणारी गोष्ट पुढे निघाली. आपल्या बाळांचे दंड बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान; पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र इंग्रज बाळांच्या जवळपास. म्हणजे पोटात खायला कमी पडले तेव्हा बाळाच्या शरीराने स्नायूत काटकसर केली आणि चरबी राखली. डॉक्टरांनी अशा बाळाला ‘थिन-फॅट’ नाव दिले, दिसायला बारीक आणि आतून चरबीदार.

मोठेपणीही तेच दिसते. याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटा दोघांना एकच आकडा दाखवत होता.

याचा साखरेशी संबंध काय? भाकर, भात, पोळी पचली की तिची साखर होऊन रक्तात येते. ती साठवायची मोठी कणगी म्हणजे आपले स्नायू, आणि त्या कणगीचे झाकण उघडण्याचे काम इन्सुलिन करते. कणगीच लहान असेल तर दोन पायल्यांत भरते. वरून ओतलेले बाहेर सांडते. सांडलेल्या साखरेची चरबी होऊन ती यकृतात आणि पोटातल्या अवयवांभोवती बसते. अशी चरबी वाढली की इन्सुलिनचे कोणी ऐकत नाही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, सोडता सोडता थकते, आणि रक्तातली साखर चढू लागते. हात-पाय बारीक आणि पोट थोडे पुढे, अशी अंगकाठी आपल्याकडे घरोघर आहे. तिला आपण ‘तब्येत बरी आहे’ म्हणतो.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे बोलते. बेंबीच्या पातळीला कंबर मोजावी. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर, आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली की साखर तपासायलाच हवी, वजन कितीही असो.

मागच्या पिढीची उपासमार

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उंदरांचा एक वंश पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवला गेला होता. २०१५ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या उंदरांत इन्सुलिन नीट काम करत नव्हते आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. नंतर त्यांना पोटभर अन्न दिले. दोन पिढ्या पोटभर खाऊनही बिघाड पुरता भरून निघाला नाही.

माणूस उंदीर नव्हे, हे खरे. पण हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे दुष्काळ पडला, तेव्हा जी मुले आईच्या पोटात होती त्यांना पन्नाशीत तपासले तर साखर पचवण्याची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. आता आपल्या घराकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या खडी फोडत होत्या, सुकडी आणि परदेशी मिलोवर दिवस काढत होत्या, आणि त्यांच्यापैकी काही जणी पोटुशी होत्या. त्याआधीच्या पिढ्यांना तर गावाने उष्टे-शिळेच दिले. आज पन्नाशीत असलेल्या आपल्या माणसाला साखर झाली की कोणी बुवा त्याला मागच्या जन्मीचे पाप सांगतो. पाप-बिप काही नाही. मागच्या पिढ्यांची उपासमार आहे आणि ती लादलेली होती. कारण कळले की इलाजही शोधता येतो, तथागतांनी दुःखाबाबत हीच रीत शिकवली.

ताटात काय आहे

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये सांगितले की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासातल्या एक लाख एकवीस हजार प्रौढांच्या खाण्याचा हिशेब २०२५ मध्ये आला. आपल्या अन्नातली ६२ टक्के ऊर्जा तांदूळ, गहू, साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येते. प्रथिने फक्त १२ टक्के.

वस्तीतला दिवस आठवा. सकाळी साखरेचा चहा आणि टोस्ट, दुपारी भाताचा ढीग आणि पातळ वरण, रात्री पोळ्या आणि बटाट्याचे कोरड्यास. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तेव्हा ताट गहू-तांदळाचेच होणार. यात बाईचा दोष नाही.

या अभ्यासातला एक निष्कर्ष आपल्याला थोडा कडू लागेल. पांढरा तांदूळ सोडून तेवढीच गव्हाची पोळी किंवा भरड धान्याची भाकरी खाल्ली तर केवळ तेवढ्याने धोका कमी झालेला दिसला नाही. ज्वारीची भाकर चांगली आहेच, तिच्यात चोथा आहे, पोट धरून ठेवते. पण ‘ज्वारी आहे’ म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर कणगी सांडणारच. फरक कशाने पडला? पिष्टमय पदार्थांतली फक्त पाच टक्के ऊर्जा कमी करून तिच्या जागी डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासे यांची प्रथिने घेतली तेव्हा. म्हणजे साधारण एक भाकर कमी आणि त्या जागी वाटीभर घट्ट मटकीची उसळ किंवा दोन अंडी. एवढीच अदलाबदल.

आणि हे आपल्याकडे पिकते! लातूरची तूरडाळ देशभर जाते. सोयाबीनची पोती बाजार समितीत रांगेने उभी असतात. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, तरी आपल्या घरात त्या पाहुण्याला करायची भाजी होऊन बसल्या आहेत. हुलगे, चवळी, हरभरा, शेंगदाण्याची चटणी, बाजारातली सुकट, गोदावरीतले मासे हे काही श्रीमंतांचे खाणे नाही. वरण घट्ट करा, तेवढी एक गोष्ट आजपासून होऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक धागा सापडला. गरोदरपणात किमान दिवसाआड पालेभाजी खाणाऱ्या आयांची बाळे जास्त वजनाची होती. तांदुळजा, पाथरी, चिवळ, अंबाडी, चुका, हरभऱ्याचा पाला या भाज्या आपल्या आज्या बांधावरून ओट्यात खुडून आणायच्या. त्यांना गरिबीची भाजी म्हणून लाजायचे कारण नाही.

त्याच आयांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची चिन्हे दिसली. (आशाताईंनी दिलेल्या लोह आणि फॉलिकच्या गोळ्या यामुळे थांबवू नयेत, त्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी आणि आईच्या रक्तासाठी लागतात. बी-१२ ची भर घालायची आहे.) बी-१२ दूध, अंडी, मासे, मटण, कलेजी यांतच असते, साध्या भाजी-भाकरीत जवळजवळ नाहीच.

आपण तर खाणारी माणसे, आपल्याला काय कमी, असे वाटेल. पण रविवारी कालवण झाले की फोडी कोणाच्या ताटात जातात? आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली. शेवटी बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला रस्सा येतो. बी-१२ फोडीत आहे, रश्श्यात फार थोडे उतरते.

ताटावर बाहेरूनही हात पडला आहे. मराठवाड्यातल्या दलित घरांचे जे खाणे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात नोंदवले, त्यातले वशाट आणि वाळवलेल्या चान्या हाच पिढ्यानपिढ्या आपला प्रथिनांचा आणि बी-१२ चा साठा होता. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला एक स्वस्त घास महाग झाला. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले; जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. अंडे हवे हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत बोलून, लिहून मागितले पाहिजे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: मधुमेहाचा धोका कमी करणाऱ्या प्रथिनांच्या यादीत लाल मांस नव्हते. ते कधीतरी, बेताने. रोजची भिस्त डाळ, अंडी, मासे यांवर ठेवावी.

पहिली दोन वर्षे

ब्रिटनमध्ये युद्धानंतरही साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३ मध्ये ती खुली झाली आणि लोकांचे साखर खाणे लगेच जवळपास दुप्पट झाले. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत ज्यांना साखर कमी मिळाली, त्यांच्यात उतारवयात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता.

आपल्याकडे वर्षाच्या लेकराला बशीत चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट हा लाडाचा प्रकार आहे. कामावर जाणाऱ्या आईसाठी ती सोयही आहे, हे नाकारत नाही. पण दोन वर्षांपर्यंत साखर, चहा, कुरकुरीत पुडे नकोत. मऊ वरण-भात, कुस्करलेले अंडे, केळ, शेंगदाण्याच्या कुटात कालवलेली भाकर द्यावी.

मोठ्यांसाठी एक जुनी गोष्ट आहे. कोसलचा राजा प्रसेनजित एका वेळी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. त्यांनी त्याला जेवणाची मात्रा ओळखायला सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला जेवताना त्या उपदेशाची आठवण देण्याच्या कामावर नेमले, आणि हळूहळू तो थोड्या भातावर आला, अंगाने हलका झाला. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका चाचणीत हेच मोजून पाहिले गेले. वजन जास्त असलेल्या आणि मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने अगदी कमी आहार दिला. वर्षाने त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय ताब्यात होती. पंधरा किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. यकृतातली चरबी उतरली की स्वादुपिंडाला उसंत मिळते. पण ही गोष्ट राजाची आहे, द्रोणभर खाणाऱ्याची. बेचाळीस किलोच्या बाईने तिच्यावरून उपास धरू नयेत, आणि साखरेच्या गोळ्या चालू असलेल्याने स्वतःच्या मनाने जेवण तोडू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते.

इन्सुलिनची भीतीही सोडावी. ‘एकदा लागलं की सुटत नाही’ म्हणून लोक पाय गमावतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, डॉ. सविता आंबेडकर त्यांच्या पथ्याकडे आणि इन्सुलिनकडे लक्ष देत असत.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, आणि शहरात नागरी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.५ किंवा वर असली तरी मधुमेह. पण अंगात रक्त कमी असलेल्या बाईत हा आकडा फसवू शकतो, म्हणून तिची उपाशीपोटीची साखरही पाहावी. मेटफॉर्मिनची गोळी काही वर्षे चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकते. तळपायाला मुंग्या येत असतील तर गोळी न सोडता डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारावे.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतातच. त्यातल्या एका रविवारी सकाळच्या वंदनेला उपाशीपोटी या, असे आधी सांगून ठेवावे आणि आशाताई व आरोग्य सेविकेला बोलवावे. एक टेप दाराशी ठेवावी, वहीत नाव, कंबर, साखर आणि रक्तदाब लिहावा. तपासणीनंतर चहा-बिस्किटांऐवजी उकडलेली अंडी आणि मटकी वाटावी, आणि त्या दिवशी आधी बायकांना.