तमकश्वास, मांजराची ॲलर्जी आणि हवा शुद्धीकरण यंत्र : एक चिकित्सकीय विचार

प्रस्तावना

तमकश्वासाचा रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा अलीकडे औषधाबरोबरच आणखी एक प्रश्न घेऊन येतो : "वैद्यजी, हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे काय?" घरात मांजर असले म्हणजे हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारला जातो, कारण मांजर सोडवत नाही आणि श्वास सोसवत नाही. एअर प्युरिफायर या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रे आता उपकरणांच्या दुकानांबरोबर काही औषधालयांतही मांडलेली दिसतात. या प्रश्नास वैद्याने व औषधविक्रेत्याने काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

या विषयाची निकड आम्हांस एका रुग्णेमुळे कळली. तिशीतील ही शिक्षिका बालपणापासून तमकश्वासाने पीडित होती. छातीरोगतज्ज्ञांनी दिलेला प्रतिबंधक इन्हेलर ती नियमित घेत असे व आमची औषधेही घेत असे. घरच्यांनी मोठी रक्कम खर्चून यंत्र आणले. तिने ते आनंदाने सांगितले आणि आम्हीही "उत्तम झाले" एवढेच म्हणालो. मांजर कोठे झोपते, हे आम्ही विचारले नाही. इन्हेलर चालू आहे ना, हेही विचारले नाही. यंत्र आले म्हणून तिने इन्हेलर बंद केला होता आणि मांजर पूर्वीप्रमाणेच तिच्या उशाशी झोपत होते. आषाढातील एका रात्री श्वासाचा वेग इतका वाढला की तिला रुग्णालयात नेऊन प्राणवायू लावावा लागला. ती सुखरूप घरी आली. परंतु त्या दोन न विचारलेल्या प्रश्नांची रुखरुख आम्हांस अद्याप आहे.

शास्त्रीय निदानविचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात हिक्का-श्वासाची कारणे सांगताना रज, धूम, वात, शीत स्थान व शीत जल यांचा उल्लेख आहे. ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा आणि कफकर आहार यांनी तमकश्वास वाढतो, असेही तेथेच सांगितले आहे. त्याच वर्णनात पीनसाचाही उल्लेख येतो. मांजराच्या संपर्काने शिंका, नाक वाहणे, डोळ्यांना खाज व त्यामागून छातीत घरघर असा क्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा संबंध वेगळा सांगावयास नको.

येथे 'रज' या शब्दाचा अर्थ केवळ रस्त्यावरील धूळ असा घेऊन भागणार नाही. घरातील गादी, पडदे व कपडे यांतून उडणारा सूक्ष्म कणही रजच होय. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानली, तर यंत्राबाबतचा प्रश्न असा मांडावा लागेल : या यंत्राने निदानाचे परिवर्जन होते काय, आणि झाले तर किती?

मांजरापासून होणाऱ्या ॲलर्जीचे स्वरूप

मांजराचे केस हेच ॲलर्जीचे कारण, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मुख्य कारण 'फेल डी १' नावाचे एक प्रथिन आहे. ते मांजराच्या त्वचेतील स्निग्ध ग्रंथींत व लाळेत तयार होते. मांजर अंग चाटते तेव्हा ते केसांवर व त्वचेच्या कोंड्यावर पसरते आणि वाळल्यानंतर सूक्ष्म कणांच्या आश्रयाने हवेत मिसळते. खच्ची न केलेल्या बोक्यात त्याचे प्रमाण अधिक असते.

या कणांपैकी काही पाच मायक्रॉनहूनही लहान असतात. गादीतील धूलिकीटकांचे ॲलर्जीकारक कण तुलनेने मोठे असल्याने झाडलोट थांबल्यावर थोड्याच वेळात खाली बसतात. मांजराचे सूक्ष्म कण मात्र तासन्‌तास तरंगत राहतात व श्वासाबरोबर खोल जातात. ते कपड्यांना चिकटून शाळा, कचेऱ्या आणि मांजर नसलेल्या घरांतही पोहोचतात. मांजर घरातून हलविल्यानंतरही त्याचा अंश सामान्य पातळीवर येण्यास पाच-सहा महिने लागू शकतात. म्हणून "मांजर आठ दिवस मावशीकडे ठेवले, तरी काही फरक पडला नाही" एवढ्यावरून मांजरास निर्दोष ठरविणे योग्य नव्हे.

यंत्र काय करते व काय करीत नाही

उत्तम यंत्रात 'हेपा' प्रकारची गाळणी असते. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविणे, हा या गाळणीचा मान्य निकष होय. मांजराचे कण यापेक्षा सामान्यतः मोठे असल्याने ते गाळणीत सहज अडकतात. कागदावर पाहता, धूलिकीटकांपेक्षा मांजराच्या बाबतीत हे यंत्र अधिक उपयोगी पडावयास हवे.

परंतु यंत्र केवळ आपल्यापर्यंत आलेली हवा गाळते. गादी, उशी, सोफा, पडदे यांत साठलेला अंश त्यास दिसत नाही. रुग्ण कुशीवर वळला, चादर झटकली, मांजर पलंगावर उडी मारून बसले, की कण पुन्हा हवेत येतात आणि यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वी रुग्णाच्या नाकापर्यंत पोहोचतात. गळक्या छपराखाली बादली ठेवावी, तसा हा प्रकार आहे. बादली उपयोगाची खरी, पण छपराचे काम बादलीने होत नाही.

अभ्यासांचे निष्कर्ष

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झालेली व १९९८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी या संदर्भात महत्त्वाची आहे. मांजराची ॲलर्जी असलेल्या ३५ व्यक्तींच्या शयनगृहात तीन महिने यंत्रे ठेवण्यात आली. काहींची खरी, काहींची केवळ दिखाऊ. गाद्या-उशांना अभेद्य खोळी घातल्या होत्या व मांजरास शयनगृहात मज्जाव होता. खऱ्या यंत्रांच्या गटात हवेतील मांजराचा अंश घटला. परंतु लक्षणे, श्वासाची क्षमता व औषधांची गरज यांत दोन्ही गटांत अंतर दिसले नाही.

याउलट नेदरलँड्समध्ये पाळीव प्राण्यांची ॲलर्जी असलेल्या २० दमाग्रस्त मुलांवर केलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता कमी झाल्याचे आढळले. इंग्लंडमधील ३० प्रौढ रुग्णांच्या २००३ सालच्या अभ्यासात, बारा महिन्यांनंतर यंत्र असलेल्या १५ पैकी १० जणांत एकत्रित निकषांनुसार सुधारणा दिसली. यंत्र नसलेल्या १५ पैकी ती ३ जणांत होती. मात्र घरात साठलेल्या अंशात दोन्ही गटांत फरक पडला नव्हता. दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की लक्षणांत अल्प घट होते, परंतु औषधांची गरज व सकाळचा पीक फ्लो यांत फरक आढळत नाही.

या सर्वांचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येते : यंत्राने हवा स्वच्छ होते हे सिद्ध आहे; रुग्णास लाभ होतो हे अंशतः व काहींच्या बाबतीतच दिसते; औषध कमी करता येते हे दिसलेले नाही. हे अभ्यास लहान आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या घरांच्या संदर्भात

उपरोक्त अभ्यास थंड प्रदेशांतील, दारे-खिडक्या बंद असणाऱ्या घरांत झाले आहेत. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात व छताचा पंखा फिरत असतो. उघड्या खिडकीत यंत्र चालविणे म्हणजे अंगण गाळण्याचा प्रयत्न होय, आणि पंखा बसलेली धूळ पुन्हा उडवितो. मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या घरांत बहुधा शहाबादी अथवा टाइल्सची फरशी असते, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो. फरशी ओल्या फडक्याने पुसता येते व कणांचा साठा तेथे टिकत नाही. हा लाभ विनामूल्य आहे. तो आधी घ्यावा.

धूमाचा विचारही येथेच करणे अगत्याचे आहे. आमच्या एका रुग्णाच्या घरी सायंकाळी धूप लावताच यंत्रावरील हिरवा दिवा लाल झाला. यंत्रातील संवेदकास धूप आणि धूर यांतील भेद कळत नाही. श्वासनलिकेसही तो कळत नाही. चरकाचार्यांनी कारणांत धूमाची गणना केली आहे. दोष लीन असता विशिष्ट अवस्थेत सांगितलेले धूमपान ही वेगळी गोष्ट. तिच्या आधारे रुग्णाच्या खोलीत रोज धूर करणे समर्थनीय ठरत नाही. डासांच्या कॉइलबाबत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले. एका कोपऱ्यात कॉइल व दुसऱ्या कोपऱ्यात यंत्र, अशी व्यवस्था आम्ही पाहिली आहे. तेथे प्रथम कॉइल विझवावी आणि मच्छरदाणी लावावी.

चिकित्सकाने अवलंबावयाचा क्रम

१. प्रथम कारण निश्चित करावे. मांजर घरात आहे म्हणून दोष त्याचाच, असे गृहीत धरू नये. धूलिकीटक, झुरळे, बुरशी, परागकण व धूर यांचाही शोध घ्यावा. शंका राहिल्यास तज्ज्ञांकडून त्वचा-परीक्षण करून घ्यावे.

२. मांजर दुसऱ्या घरी देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, हे स्पष्ट सांगावे; मात्र रुग्णाची माया ओळखून सांगावे. कुटुंब तयार नसल्यास रागावू नये, पुढील पायरी द्यावी.

३. मांजरास शयनगृहात पूर्ण मज्जाव करावा. गादी व उशी यांना घट्ट विणीच्या खोळी घालाव्यात, चादरी दर आठवड्यास गरम पाण्याने धुवाव्यात, जड पडदे काढावेत. बोका असल्यास पशुवैद्याकडून खच्ची करून घ्यावा. मांजरास स्नान घातल्याने होणारा लाभ आठवडाभरही टिकत नाही.

४. एवढे झाल्यावर ज्यांना परवडते त्यांनी शयनगृहात यंत्र ठेवण्यास हरकत नाही. घराची दुरुस्ती, मुलांचे शुल्क अथवा नियमित औषधे यांचे पैसे त्यासाठी वळवू देऊ नयेत.

५. लाभ झाला की नाही, हे मोजावे. यंत्र घेण्यापूर्वी दोन आठवडे व नंतर किमान तीन महिने पीक फ्लो मीटरची सकाळ-सायंकाळची नोंद ठेवण्यास सांगावे. रात्री जाग किती वेळा आली, तेही लिहावे.

६. चालू असलेला प्रतिबंधक इन्हेलर यंत्र आले म्हणून, अथवा आपले औषध सुरू झाले म्हणूनही, रुग्णाने परस्पर बंद करू नये. त्यातील बदल संबंधित तज्ज्ञांच्या विचारानेच व्हावा. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील दमारुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. प्रतिबंधक औषधाचा अपुरा वापर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. एका श्वासात वाक्य पूर्ण न होणे, ओठ निळसर होणे, तात्काळ आराम देणाऱ्या इन्हेलरने उतार न पडणे, ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

यंत्र विकणारे आमचे औषधालय-बंधू ग्राहकास पुढील माहिती देतील, अशी अपेक्षा आहे. यंत्राची शक्ती खोलीच्या आकारमानावर ठरते. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट, अर्थात सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळावयाची तर ताशी १७० घनमीटर शुद्ध हवा देणारे यंत्र हवे. हा आकडा यंत्राच्या वेगवान गतीवरचा असतो. आवाजामुळे रात्री गती कमी केली की तोही कमी होतो. गाळणी ठरावीक काळाने बदलावी लागते. तिची किंमत विक्रीपूर्वीच सांगावी. कोळशाचा थर वास शोषतो, मांजराचा अंश नव्हे.

ओझोन निर्माण करणारी यंत्रे दमारुग्णास देऊच नयेत, कारण ओझोन स्वतःच श्वासमार्गाचा क्षोभ करतो. कॅलिफोर्निया राज्यात २०१० पासून घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५० भाग अशी मर्यादा आहे. केवळ आयन सोडणाऱ्या यंत्रांचा दम्यात लाभ सिद्ध झालेला नाही.

औषधे नियमावलीच्या 'जे' अनुसूचीत दम्याचा समावेश आहे. औषधाने तो समूळ बरा होतो, असा दावा करता येत नाही. यंत्र हे औषध नव्हे, हे खरे. तथापि जो दावा औषधाच्या बाटलीवर लिहिता येत नाही, तो यंत्राच्या खोक्याशेजारी उभे राहून तोंडी करणे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.

उपसंहार

तमकश्वास हा याप्य व्याधी आहे. नवीन असता साध्य होतो, जुना झाला म्हणजे सांभाळावा लागतो. सांभाळण्याच्या साधनांत हवा शुद्धीकरण यंत्रास स्थान आहे, परंतु ते शेवटच्या रांगेतील आहे. निदानपरिवर्जन प्रथम, नियमित औषध त्याबरोबर, आणि यंत्र त्यानंतर.

आमच्या त्या शिक्षिका रुग्णेच्या शयनगृहाचे दार आता मांजरास बंद आहे. मांजर दिवाणखान्यात झोपते, इन्हेलर नियमित चालू आहे, यंत्रही चालू आहे. गेला पावसाळा तिने रुग्णालयाविना काढला. यात यंत्राचा वाटा किती, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु यंत्र घेतल्याचे कोणी सांगितले की आता ते दोन प्रश्न आम्ही प्रथम विचारतो. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनीही ते विचारावेत, एवढीच विनंती.