रेषेबाहेरचे ठिपके

पुणे

चि. मुक्तास,


मुंबई हायच्या एल-३ चुनखडीची पार्यता काढायचं काम तुझ्याकडे आलं आणि सच्छिद्रतेवरून ती सांगणारी सुरेख रेषाही तुला मिळाली, असं लिहिलंस. सुरेख रेषेचीच मला धास्ती वाटते.

आपल्या मळ्यातली विहीर आठव. भोकाभोकांचा काळा दगड लागला, तरी पाण्याचा टिपूस नव्हता. भोकं होती, पण एकमेकांना जोडलेली नव्हती. पुढे एक भेग लागली आणि झरा फुटला. तेलविहिरीच्या लॉगवरूनही भोकांचा अंदाज येतो; वाटांचा सहसा येत नाही.

उमेदवारीत मीही अशीच रेषा ओढली होती. वेल टेस्टचा आकडा तिच्या कितीतरी पट निघाला. साहेबांनी एवढंच विचारलं, "कोअर पाहिलास?" मी पाहिला होता प्रयोगशाळेचा तक्ता! कोअरची पेटी उघडली तेव्हा कळलं: मोजणीचे दीड इंची प्लग धड तुकड्यांतूनच कापले जातात. पोकळ्यांनी पोखरलेला भाग चुरा होऊन पेटीतच पडून होता, आणि तेल वाहत होतं नेमकं त्यातून.

सरासरीचंही सांभाळ. सारख्या जाडीचे तीन थर घे: १, १० आणि १००० मिलिडार्सी. प्रवाह थरांच्या अंगाने गेला तर सरासरी ३३७. थर ओलांडून गेला तर ३ हूनही कमी. तुझी रेषा लॉगॅरिदमिक अक्षावरची, ती २२ च्या आसपास घुटमळणार. एल-३ मध्ये तर चुनखडीच्या थरांमध्ये शेलचे पट्टे आहेत, म्हणजे तेल कुठून कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय सरासरी काढूच नकोस. आणि घट्ट दगडात वायूने मोजलेला आकडा फुगतो; क्लिंकेनबर्गची दुरुस्ती केली आहे ना, विचारून घे.

डार्सीने १८५६ मध्ये मांडलेला नियम दिजाँमध्ये नळकांड्यात वाळू भरून, त्यातून पाणी सोडून काढलेला. तू निदान कोअर शेडपर्यंत तरी जा. रेषेपासून सगळ्यांत लांब पडलेले पाच ठिपके निवड, खोली टिपून घे आणि त्या पेट्या उघडायला सांग. भिंग विसरू नकोस. काय दिसलं ते मला लिही, रेषा नंतर पाठव.

वहिनी म्हणाल्या, डबा घरीच विसरतेस. तेही बघ.

तुझा,
अप्पाकाका