टर्बोच्या मोटारींतील प्लग बदलावेत काय ?

भोरहून आंबवड्यास येऊन पुढें मांढरदेवीचा घाट चढणाऱ्या मोटारींत टर्बो बसविलेल्या पेट्रोल गाड्याहि असतात. चढावर अशी गाडी अडखळूं लागली कीं कोणीतरी सल्ला देतो : "इरिडियमचे भारी प्लग घाला, गाडी पळेल !" हा सल्ला मानण्यापूर्वीं प्लगाचें कार्य समजून घेणें अवश्य आहे. चुकीच्या प्लगानें इंजिनाचा दट्ट्या जळाला, तर घरांतील कित्येक महिन्यांची बचत त्यांत जाते.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. तेथें दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. म्हणून डिझेल जीपच्या मालकांपुढें हा प्रश्नच येत नाहीं.

पेट्रोल इंजिनांत ठिणगीचें काम प्लग करतो. जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यांनीं १९०२ सालीं उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला प्लग सिद्ध केला. पुढें १९०५ सालीं स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं टर्बोच्या कल्पनेचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरानें एक चक्र फिरतें आणि तें इंजिनांत जादा हवा कोंडतें, हें टर्बोचें तत्त्व होय. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, चाकण येथें तयार झालेली पोलो जीटी टीएसआय ही गाडी २०१३ सालीं बाजारांत आली. तिचें १.२ लिटरचें लहानसें इंजिन टर्बोच्या बळावर सुमारें १०५ अश्वशक्ति देत असे.

आतां अडचण अशी कीं, दाट हवेंतून ठिणगी सहज उडत नाहीं. हवेचा दाब आणि प्लगाच्या दोन टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर ठिणगीस लागणारा विजेचा दाब अवलंबून असतो, असें फ्रीड्रिख पाशेन यांनीं १८८९ सालीं दाखवून दिलें. प्लग झिजला म्हणजे हें अंतर वाढतें. अशी गाडी सपाटीवर नीट चालते. परंतु घाटांत टर्बोनें हवा कोंडतांच ठिणगी चुकते. तेव्हां येथें भारी प्लग नव्हे, नवा प्लग हवा असतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. प्लगाचें टोक सुमारें ५०० ते ८५० अंश सेल्सियस इतकें तापलेलें असावें. त्याहून थंड राहिल्यास काजळी धरते. अधिक तापल्यास ठिणगीपूर्वींच इंधन पेटून दट्ट्यास इजा होते. उष्णता लवकर बाहेर सोडणारा तो 'थंड' प्लग व धरून ठेवणारा तो 'गरम' प्लग. यांचे अंक सर्वत्र सारखे नसतात : एनजीकेचा मोठा अंक थंड प्लगाचा, तर बॉशचा मोठा अंक गरम प्लगाचा. केवळ अंक पाहून प्लग घेणारा येथें फसतो.

मग इरिडियमचा गुण कोणता ? निकेल १४५५ अंशांवर वितळतें, प्लॅटिनम १७६८ अंशांवर, तर इरिडियम २४४६ अंशांवर. त्यामुळें इरिडियमचें टोक बारीक करतां येतें व तें पुष्कळ दिवस टिकतें. परंतु शक्ति येते ती हवा व इंधन यांतून. ठिणगी फक्त तें पेटविते. म्हणून धड ठिणगी देणारा प्लग काढून भारी घातल्यानें घाट सोपा होत नाहीं. उलट, मूळचा प्लग इरिडियमचा असतां स्वस्त निकेलचा घालणें हेंहि अहिताचें.

तेव्हां आमचें सांगणें असें : गाडी मूळ स्थितींत असेल, तर पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचाच प्लग, सांगितलेल्या अंतरावर बदलावा. टर्बोचा दाब मुद्दाम वाढविला असेल, तरच जाणत्या कारागिराच्या सल्ल्यानें एक पायरी थंड व कमी अंतराचा प्लग घ्यावा. जुना प्लग काढल्यावर तो टाकण्यापूर्वीं पाहावा. फिकट तपकिरी असल्यास इंजिन निरोगी. काळा किंवा पांढरा फटफटीत असल्यास आधीं दोष शोधावा, नव्या प्लगानें तो झांकूं नये.

झुलत्या पुलाची तार भाराचा हिशेब करून निवडतात, तिच्या किमतीवरून नव्हे. आंबवड्याचा पूल ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस प्लगाविषयीं याहून निराळें सांगण्याची गरज नाहीं.