चाकांवरचं घर बोटीत चढतं तेव्हा

'वाहतूक' हा घटक शिकवताना आपण फळ्यावर चार रकाने आखतो : रस्ते, रेल्वे, जल आणि हवाई. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. प्रत्यक्षात वाहतूक अशा रकान्यांत राहत नाही. एकच गाडी सकाळी रस्त्यावर असते आणि दुपारी समुद्रावर. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मी हा घटक एका प्रवासातून घेते : कॅम्पर व्हॅनने इंग्लंडमधल्या डोव्हर बंदरातून फ्रान्समधल्या कॅलेला.

सुरुवात नकाशाने करावी. डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी साधारण 33 किलोमीटर आहे. फेरीबोटीला सुमारे दीड तास लागतो. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. बिछाना, शेगडी, गॅसची टाकी, छोटा फ्रीज, सगळं गाडीतच. दाभोळ-धोपावे फेरीत गाडीसकट बसलेलं एखादं मूल वर्गात असेल, तर आधी त्यालाच बोलू द्यावं. गाडी बोटीत कशी चढते, हे ते आपल्यापेक्षा छान सांगतं.

कृती 1 : कारण ओळखा

फळ्यावर पाच नियम लिहा. कारण मुलांनी शोधायचं.

1. तिकीट काढताना गाडीची लांबी आणि उंची सांगावी लागते. (मागे सायकली बांधल्या असतील तर लांबी वाढते, छतावर सामान असेल तर उंची. बोटीत जागा मोजून दिलेली असते.)
2. फ्रान्सचे अधिकारी पासपोर्ट डोव्हरलाच तपासतात. (पलीकडे उतरल्यावर पुन्हा खोळंबा होत नाही.)
3. फ्रीजमधलं दूध, चीज, मांस फ्रान्समध्ये नेता येत नाही. (ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे 2021 पासून हा नियम लागू झाला. जनावरांचे रोग अशा पदार्थांतून पसरू शकतात.)
4. बोटीत चढण्यापूर्वी गॅसची टाकी बंद करायची.
5. गाडी लावली की सगळ्यांनी वरच्या मजल्यावर जायचं. गाडीत थांबायचं नाही.

चौथ्याचं कारण मुलं लगेच सांगतात, घरी आई रोज रेग्युलेटर बंद करते ना! पाचव्यावर मात्र हमखास प्रश्न येतो : "बाई, ते तर त्यांचं घरच आहे. आतच झोपून गेले तर काय बिघडलं?" उत्तर लगेच देऊ नका. परात आणा.

कृती 2 : परात आणि वाट्या

मोठ्या परातीत थोडं पाणी घ्या आणि मुलाला ती एका तळहातावर तोलायला सांगा. परात जरा कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. आता तेवढंच पाणी सहा वाट्यांत ओतून वाट्या परातीत ठेवा. वजन जवळपास तेच, पण तोल सांभाळणं सोपं जातं.

गाड्या आत-बाहेर करता याव्यात म्हणून फेरीबोटीचा वाहनांचा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो. मध्ये भिंती नसतात. म्हणजे तो वाट्या नसलेली परातच.

6 मार्च 1987 रोजी हेच घडलं. 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही बोट बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून डोव्हरकडे निघाली, तेव्हा तिचे पुढचे दरवाजे उघडेच होते. ते बंद करायचं काम ज्याच्याकडे होतं तो झोपला होता. दुसऱ्याला वाटलं, तो करेल. कप्तानाजवळ दरवाजे लागलेत की नाही हे दाखवणारा दिवाही नव्हता. वाहनांच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि सुमारे दीड मिनिटात बोट आडवी झाली. 193 माणसं गेली. पुढे अशा बोटींवर कप्तानाला दरवाज्यांची स्थिती दाखवणारे दिवे आवश्यक झाले.

हे सांगितल्यावर वर्ग गप्प होतो. घाई करू नका, मुलांना भीती दाखवायची नाहीये. मग पाचव्या नियमाकडे परत या. दाटीवाटीने लावलेल्या गाड्या, बंद मजला, वर जायला अरुंद जिने. आग लागली किंवा पाणी शिरलं तर तिथून निघायला वेळ कुठून मिळणार? आता उत्तर मुलंच देतात.

चर्चेसाठी प्रश्न

- चूक एकाची होती की अनेकांची?
- 'दुसरा कुणीतरी करेल' असं आपल्या वर्गात कधी होतं?
- घरातला असा एक नियम सांगा, ज्याचं कारण तुम्ही कधी विचारलंच नाही.

तिसरा प्रश्न गृहपाठाला द्यावा आणि पालकांनी त्याला वेळ द्यावा, ही विनंती. "मी सांगते म्हणून" हे उत्तर आपल्या सगळ्यांच्याच तोंडी असतं, माझ्याही. पण कारण न कळलेला नियम मूल आपण समोर असेपर्यंतच पाळतं. कारण कळलं, की आपण नसतानाही ते स्वतःहून गॅस बंद करतं आणि दरवाजा लागलाय का ते जाऊन पाहतं.