चवदार तळ्याचा दावा आणि एकत्र दाद मागण्याचा कायदा

महाडचा संगर म्हटला की २० मार्च १९२७ हा दिवस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु त्या संगराचा दुसरा भाग न्यायालयात लढला गेला व तो सव्वानऊ वर्षे चालला, हे आपल्यापैकी अनेकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, ठाऊक नसते. त्या दाव्याच्या आधारे, अनेक माणसांना एकाच दिवाणी दाव्यात एकत्र येऊन दाद कशी मागता येते, याचा थोडा अभ्यास आम्ही या लेखात मांडत आहोत.

महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले होते. ऑगस्ट १९२७ मध्ये तिने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरातील सत्याग्रहाची तयारी चालू असताना १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी तेथील दिवाणी न्यायालयात ४०५/१९२७ हा दावा दाखल केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे काही सहकारी यांना त्यांनी प्रतिवादी केले. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे पाणी भरण्याची मनाई व्हावी, अशी मागणी होती. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही महाडला जमले. पण हुकूम समोर असल्यामुळे तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब करावा लागला.

येथे विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारला पाहिजे. दाव्यात नावे मूठभर माणसांची, मग निकाल हजारो लोकांना कसा लागू व्हावा? याचे उत्तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ मध्ये आहे. एकाच गोष्टीत अनेकांचे हितसंबंध सारखेच गुंतलेले असतील, तर न्यायालयाच्या परवानगीने एकाला किंवा काहींना सर्वांच्या वतीने दावा लावता येतो, तसेच सर्वांचे प्रतिनिधी म्हणून काहींवर दावाही लावता येतो. यालाच प्रातिनिधिक दावा म्हणतात. महाडचे वादी स्पृश्यांच्या वतीने उभे होते आणि बाबासाहेब प्रभृती अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून.

म्हणजे बाबासाहेब हरले असते तर ती हार त्यांची एकट्याची ठरली नसती. ज्यांनी न्यायालयाची पायरी कधी पाहिली नाही, त्यांच्यासाठीही तळ्याची वाट बंद झाली असती. तसे घडले नाही. तळे नगरपालिकेकडे निहित असल्याचे ठरले आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. दावा ज्यांनी आपल्याला अडवण्यासाठी प्रातिनिधिक केला, त्यांच्याच दाव्याचा निकाल आपल्या सर्वांच्या पदरात पडला!

आता हाच कायदा आपल्या रोजच्या अडचणींत कसा उपयोगी पडतो ते पाहू. समजा, एका वस्तीतील तीस कुटुंबांनी एकाच जमीनमालकाकडे प्लॉटसाठी पैसे भरले आणि तो खरेदीखत करून देत नाही. अशा वेळी दोन मार्ग आहेत. पहिला आदेश १, नियम १ चा. तिसांनीही वादी म्हणून आपापली नावे घालावीत. त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : सर्वांचा हक्क एकाच व्यवहारातून किंवा व्यवहारांच्या एकाच मालिकेतून निर्माण झालेला असावा आणि वेगवेगळे दावे लावले असते तर त्यांत कायद्याचा किंवा वस्तुस्थितीचा एखादा समान प्रश्न आला असता, असे असावे. दुसरा मार्ग नियम ८ चा, म्हणजे थोड्यांनी सर्वांसाठी लढण्याचा.

पुष्कळांना वाटते की, प्रत्येकाची पावती वेगळी, रक्कम वेगळी, मग दावा एक कसा होईल? तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या प्रकरणात हाच आक्षेप आला होता. अल्प उत्पन्न गटातील घरधारकांकडे मंडळाने जादा किंमत मागितली. एका घरधारकाने सर्वांच्या वतीने दावा लावला. प्रत्येकाला मागणीची नोटीस वेगळी गेली, म्हणून प्रातिनिधिक दावा चालणार नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ते अमान्य केले. सर्वांचे हित समान असले म्हणजे पुरे. वादाचे कारण अगदी एकच असले पाहिजे असे नाही. १९७६ च्या दुरुस्तीने नियम ८ ला जोडलेल्या स्पष्टीकरणातही हेच सांगितले आहे.

मात्र एकत्र येणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : नियम ८ खाली सर्व संबंधितांना नोटीस जाते, संख्या फार असेल तर ती जाहीर रीतीने दिली जाते. खर्च वादीचा. नोटीस वाचून कोणालाही स्वतः पक्षकार होण्याचा अर्ज करता येतो.

दुसरी : पुढाऱ्याला परस्पर तडजोड करता येत नाही, दावा काढूनही घेता येत नाही. आधी सर्वांना नोटीस द्यावी लागते. हे कलम गोरगरिबांचे मोठे संरक्षण आहे.

तिसरी : एखादे नाव चुकून जास्त पडले म्हणून दावा बुडत नाही. पण ज्याच्याशिवाय निकालच देता येणार नाही, असा आवश्यक पक्षकार राहून गेला तर दावा टिकत नाही. जमिनीचे मालक तीन भाऊ असतील तर तिघांनाही प्रतिवादी करावे.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : "आधी त्यांचे काय होते ते पाहू, मग आपण जाऊ" ही वृत्ती घातक आहे. नाव मागाहून घातले, तर मुदतीच्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या माणसापुरता दावा सामान्यतः नाव घातल्या दिवसापासून धरला जातो. तोवर मुदत संपली असेल तर शेजारी जिंकतो आणि आपण हात चोळत बसतो.

म्हणून आमची सूचना अशी की, दाव्यापूर्वी सर्वांची बैठक घ्यावी. इतिवृत्त लिहून सह्या घ्याव्यात. प्रत्येकाच्या पावत्यांच्या नकला एका फाईलीत लावाव्यात. न्यायालयात हजर राहण्यासाठी इतर वादींना आपल्यापैकी एकाला लेखी अधिकार देता येतो; तो लेख सह्यांनिशी न्यायालयात दाखल करावा. वर्गणीचा हिशेब दर तारखेनंतर सर्वांसमोर ठेवावा. कायद्याने जोडलेली माणसे हिशेबावरून तुटलेली आम्ही पाहिली आहेत. नेमका मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

चवदार तळ्याच्या प्रतिवादींनी तारखेमागून तारखा सोसल्या त्या स्वतःच्या घागरीसाठी नव्हे. आपल्या नावाने दुसऱ्यांचा हक्क न्यायालयात उभा आहे, ही जाणीव त्यांना होती. आज जो कोणी दाव्यात इतरांच्या वतीने सही करील, त्याने ती जाणीव बाळगावी आणि ज्यांच्यासाठी तो सही करतो, त्यांनी त्याला एकटे सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.