अंगणवाडीतला घास

मुलामुलींनो, सकाळी शाळेत येताना तुम्ही तुमच्या मोहल्ल्यातली अंगणवाडी पाहिली असेल. लहान मुले ताटल्या घेऊन ओळीने बसतात. मदतनीसताई त्यांना गरम खिचडी किंवा उसळ वाढतात. या जेवणाचे पैसे कोण देते? आणि कशासाठी?

अंगण म्हणजे घरापुढची मोकळी जागा. उर्दूत तिला आंगन किंवा सहन म्हणतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नसत. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. आरंभी देशात फक्त ३३ प्रकल्प होते. आज अंगणवाड्या सर्व राज्यांत आहेत. तेथील आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य सरकार मिळून करतात. हा पैसा जनतेने भरलेल्या करांतून येतो. बाजारात साबण घेताना तुम्हीही थोडा कर भरता. म्हणजे त्या खिचडीत तुमचाही वाटा आहे.

सरकार एवढा खर्च का करते? माणसाच्या मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या सहा वर्षांत होते. या वयात आहार कमी पडला, तर मूल खुरटते, वारंवार आजारी पडते आणि पुढे अभ्यासातही मागे राहते. ही हानी नंतर भरून काढणे फार कठीण असते. म्हणून अंगणवाडीत मुलांचे वजन करतात, उंची मोजतात. दंडाचा घेरही मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजतात. त्याला लगेच उपचार लागतात.

हा आहार म्हणजे खैरात नव्हे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला. गरोदर आणि स्तनदा मातांनाही हा हक्क आहे. महाराष्ट्रात आदिवासी भागातील अशा मातांसाठी २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्यात मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते.

आता एक महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. या आहाराला 'पूरक आहार' म्हणतात. पूरक म्हणजे भर घालणारा. २०१३ च्या कायद्यात मुलाला रोज ५०० उष्मांक द्यावेत असे ठरले. तीन वर्षांच्या मुलाला तर दिवसभरात हजाराहून अधिक उष्मांक लागतात. "याने अंगणवाडीत खाल्ले आहे, आता घरी नको," असे घरात कोणी म्हटले, तर मुलाला काय मिळाले? एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले!

तीन वर्षांखालील मुलांचा आहार पाकिटांतून घरी येतो. घरात खाणारी तोंडे अनेक असतात. पाकीट सर्वांत वाटले जाते आणि ज्याच्यासाठी आले, त्याच्या वाट्याला चमचाभरच उरते. येथे तुमची जबाबदारी सुरू होते. तुम्हाला वाचता येते. पाकिटावरचा मजकूर अम्मीला आणि दादीला वाचून दाखवा. धाकट्या भावाबहिणीचा वाटा त्यालाच मिळू द्या. शेजारचे मूल अंगणवाडीत जात नसेल, तर त्याला बोट धरून घेऊन जा.

पैसा सरकार देईल, खिचडी ताई शिजवतील. पण तो घास मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचतो की नाही, हे आपणच पाहायला हवे.

स्वाध्याय
१. 'पूरक आहार' म्हणजे काय?
२. अंगणवाडीचा आहार ही खैरात का नाही?
३. तुमच्या जवळच्या अंगणवाडीला भेट द्या. तेथे आठवडाभर कोणते पदार्थ देतात, ते पाच वाक्यांत लिहा.