व्हिडिओ कॉल आणि शेतकऱ्याचा हेलपाटा

आमचा जन्म महसूल कचेरींत गेला. तेव्हां शेतकऱ्याचा हेलपाटा म्हणजे काय, हें आम्हांस निराळें शिकावें लागलें नाहीं. एका कागदासाठीं तीन खेपा, आणि तिसऱ्या खेपेस साहेब दौऱ्यावर! शेतीच्या कामांतही तोच प्रकार. रोगट पान रुमालांत बांधून तालुक्यास न्यावें, तों तें कोमेजून ओळखूं येऊं नये. रात्रीं म्हैस अडावी आणि डॉक्टर नेमके दुसऱ्या गांवीं असावेत. हा हेलपाटा पुष्कळ अंशीं वांचविणारें एक साधन आज घरोघर आहे, परंतु पुण्या-मुंबईच्या नातवाचें तोंड पाहण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग आपण करीत नाहीं. तें साधन म्हणजे मोबाईलवरील व्हिडिओ कॉल. तो शेताच्या कामीं कसा लावावा, त्यास कोणतीं लहानसहान उपकरणें जोडावीं, व कोठें त्यावर विसंबूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

दूरची वस्तु यंत्रद्वारां पाहण्याची ही युक्ति हेलपाट्यांतूनच निघाली, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत कॉफीचें एक सामाईक भांडें असे. उठून तेथवर जावें तों भांडें रिकामें, असा अनुभव तेथील विद्वानांस वारंवार येई. १९९१ सालीं त्यांनीं भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेविला व आपापल्या जागीं बसून भांडें भरलें कीं नाहीं तें पाहूं लागले. १९९३ मध्यें तें चित्र इंटरनेटवर गेलें, आणि २००१ मध्यें कॅमेरा बंद झाला. पुढें २००३ सालीं स्काइप निघालें. तें मे २०२५ मध्यें बंदही पडलें. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉलची सोय नोव्हेंबर २०१६ मध्यें झाली, आणि त्याच सुमारास आपल्या देशांत डेटा स्वस्त झाल्यामुळें ती खेड्यापाड्यांत पसरली.

आतां पिकाकडे वळूं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ पासून चालू आहे. पण तो कानाचा मार्ग. ‘पानावर पिवळा डाग आहे’ एवढ्यावरून सांगणारानें काय सांगावें? कृषि विज्ञान केंद्रांतील किंवा आपल्या ओळखीच्या जाणत्या माणसास डाग प्रत्यक्ष दाखवितां आला तर गोष्ट निराळी. मात्र दाखविण्यासही रीत आहे. आमच्या परिचयाच्या एका द्राक्ष बागाईतदारानें गेल्या हंगामांत पानाचें फक्त वरचें अंग दाखविलें. पिवळट डाग पाहून पलीकडच्या गृहस्थानें अन्नद्रव्याची उणीव ठरविली व तशी फवारणी सांगितली. वस्तुतः तो केवडा होता. केवड्याची खूण पटते ती पानाच्या खालच्या अंगास डागाखालीं येणाऱ्या पांढऱ्या बुरशीवरून, आणि तें अंग कोणीं उलटून पाहिलेंच नाहीं. ढगाळ हवेंत चार दिवस फुकट गेले व रोग घडांपर्यंत पोंचला. दोष आम्ही पलीकडच्या माणसास देत नाहीं. त्यास जेवढें दिसलें तेवढें त्यानें सांगितलें.

म्हणून प्रथम सबंध प्लॉट दाखवावा, मग ओळ, मग एक झाड, आणि शेवटीं पान. तेंही दोन्ही अंगांनीं. निरोगी पान शेजारीं धरावें. कॅमेरा मागचा लावावा, पुढचा नव्हे. पुढच्या कॅमेऱ्यांत आपलेंच तोंड दिसतें आणि त्याची कोणास गरज नसते. कांच धोतराच्या सोग्यानें नव्हे, स्वच्छ मऊ फडक्यानें पुसावी. भर उन्हांत पान चकाकतें, यास्तव त्यावर छत्रीची सावली करावी. पानाशेजारीं एक पांढरा कागद व मोजपट्टी ठेवावी. कागदावरून खरा रंग कळतो, पट्टीवरून डागाचें माप. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हात हळू फिरवावा. रेंज मंद असतां हलतें चित्र चौकडे चौकडे होऊन फुटतें; एके ठिकाणीं पांच अंक मोजीपर्यंत स्थिर राहिलें कीं तेंच चित्र स्वच्छ होतें. शेतांत रेंजच नसेल तर तेथें चित्रफीत घेऊन ठेवावी आणि टेकाडावर येऊन पाठवावी, म्हणजे काम अडत नाहीं.

बारीक किडीसाठीं दहापट भिंग कॅमेऱ्यापुढें धरावें, अथवा चिमट्यानें फोनवर बसणारें भिंग बाजारांत मिळतें तें घ्यावें. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशांत २०१८ सालीं प्रथम आढळली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें काढल्यासारखी फिकट खूण असते व शेपटीकडील भागावर चौकोनांत चार काळे ठिपके असतात. नुसत्या डोळ्यांस हें चटकन दिसत नाहीं. भिंगांतून कॉलवर पलीकडच्यास स्पष्ट दाखवितां येतें.

गोठ्यांतील उपयोग मात्र आम्हीं घरचाच अनुभव म्हणून सांगतों. गेल्या पौषांत आमची म्हैस रात्रीं अडली. पाणमोट फुटून बराच वेळ झाला, दोन खूर दिसूं लागले, पुढें कांहीं सरकेना. डॉक्टर पलीकडच्या गांवीं होते. चिरंजिवांनीं फोन धरला, सूनबाईंनीं बॅटरी. डॉक्टरांनीं प्रथम विचारलें तें हेंच कीं, ‘खुरांचे तळवे कोणीकडे आहेत तें दाखवा.’ तळवे खालीं व वर नाकपुडी असेल तर रेडकूं सरळ येत आहे. तळवे वर असतील तर बहुधा ते मागचे पाय. आमच्या म्हशीच्या बाबतींत तळवे वर होते. ‘मी येईपर्यंत दोरी लावूं नका,’ असें त्यांनीं बजावलें, आणि लागणारें सामान बरोबर घेऊनच आले. रेडकूं जगलें. शेजारचे दोघे दोरी घेऊन उभेच होते, हेंही लिहून ठेवतों. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठीं १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या खांबावर लिहून ठेवावा.

व्यायला टेकलेल्या जनावरावर रात्रभर नजर ठेवण्यास कांच तडकलेला जुना मोबाईलही पुरतो. वाळूनें भरलेल्या डब्यांत तो उभा खोंचून, कपड्यांच्या चिमट्यांनीं धरून, आपल्या फोनशीं कॉल चालू ठेवावा, आणि आपल्याकडील चित्र बंद करावें. सेकंदास ३०० किलोबिट हा दर धरल्यास तासास १३५ मेगाबाइट व आठ तासांस १०८० होतात. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकांत एक रात्र बसते, दुसरें कांहीं पाहिलें नाहीं तर. असा फोन चार्जरवर तापतो, सबब त्याचें कव्हर काढावें आणि वैरणीपासून तो दूर ठेवावा. कडब्याची गंजी पेटली तर म्हशीचें व्याणें राहिलें बाजूला.

आणखी एक उपकरण घेण्याजोगें आहे. लांब तारेच्या टोंकास बारीक कॅमेरा व भोंवतीं दिवे असतात; ती तार बहुतेक मोबाईलांस जोडतां येते. आंब्याच्या खोडांतील भिरुडाचें भोंक, पंपाचा आंतला भाग, ट्रॅक्टरची टांकी, हें सर्व तिनें पाहतां येतें. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून आपला पडदा पलीकडच्यास दाखविण्याची सोय आहे. तिच्या योगें तेंच चित्र शहरांतील मेकॅनिक पाहूं शकतो व कोणता भाग बदलावा तें सांगतो. पंपांत तार घालण्यापूर्वीं वीज तोडून फ्यूज खिशांत ठेवावा. लांब काठीला फोन बांधून आंब्याचा शेंड्याकडील मोहोरही दाखवितां येतो, पण वरून विजेची तार गेली असेल तेथें हा उद्योग करूं नये.

बाजारांतील भावाविषयीं थोडेंच. कांद्याचा लिलाव चालू असतां मुलानें आवारांतून तो घरीं दाखविला, तर द्यावा कीं थांबावें हें बापास ठरवितां येतें. यापलीकडे त्यांत विशेष नाहीं.

अनोळखी माणसाचा व्हिडिओ कॉल आला, पलीकडे पोलिसाचा गणवेष दिसला, आणि ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली, पैसे भरा’ असें तो म्हणूं लागला, तर फोन ठेवावा. असली अटक आपल्या कायद्यांत नाहीं. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

शेवटीं आमच्या जुन्या धंद्यांतील एक गोष्ट. मोजणीच्या दिवशीं परदेशांतील भावास बांध कॉलवर दाखविणें फार चांगलें. पुढील निम्मे तंटे त्यानें टळतील असें आम्हांस वाटतें. परंतु त्यानें कॉलवर मान हलविली म्हणून वांटणी झाली असें कोणीं समजूं नये. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दस्त हजर करण्यास माणूस स्वतः यावा लागतो, किंवा रीतसर मुखत्यारपत्र घेतलेला त्याचा मुखत्यार यावा लागतो. आणि भाऊ परदेशीं असेल तर तें मुखत्यारपत्र तेथील नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर झालेलें असावें लागतें. तें कसें लिहावें हें मात्र दोघां भावांनीं वकिलास मधें घेऊन कॉलवर खुशाल ठरवावें, आणि मगच भावानें वकिलातीची वेळ घ्यावी.